मूल्य : विनामूल्य

पहाटेचे साडेचार. कोथरूडला कर्वे पुतळ्याच्या अलीकडे एका मिठाईच्या दुकानाचं शटर खाली आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर पेपरचा बाजार भरला आहे. फुटपाथवर ताडपत्री. तिच्यावर गठ्ठे. एक टेम्पो येतो, इंजिन चालूच ठेवतो. मागच्या अंधारातून दोन हात बाहेर येतात. धप्प. धप्प. धप्प. टेम्पो पुढच्या चौकाकडे निघून जातो. पायरीवरचं कुत्रं मान वर करून पाहतं आणि पुन्हा झोपतं.

ऑक्टोबर आहे. दुपारी इथलं डांबर तापलेलं असेल, पण आत्ता हवेत गारवा आहे. कुणाच्या कानाला मफलर आहे, कुणी नुसत्या बनियनवर. चहावाला किटली घेऊन माणसांमधून वाट काढतो.

बारा-तेरा जण मांडी घालून बसलेत. डाव्या अंगठ्यानं पेपर उघडायचा, उजव्या हातानं पुरवणी आत सरकवायची, गुडघ्यावर ठोकून कडा सारख्या करायच्या, बाजूला ठेवायचा. कुणी बोलत नाही. नुसती कागदाची सळसळ. एका पोऱ्याच्या हातांकडे बघत मी घड्याळ लावते. मिनिटाला सव्वीस.

आज शनिवार. त्यात दिवाळी तोंडावर. जागा-फ्लॅटची पुरवणी, सोन्याच्या दुकानाचं पत्रक, फराळाच्या ऑर्डरचं हँडबिल, सगळं पेपरच्या पोटात जातंय. पेपर फुगत चाललाय. भिंतीला टेकून आठ गठ्ठे मात्र वेगळे ठेवलेत. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आवळलेले. दिव्याखाली त्यांच्या कडा चमकतात.

"हे काय आणि?" पोऱ्या विचारतो.

"मासिक. घर आणि बागेचं." विक्रेते काका सुतळी गुंडाळत बोलतात. "पेपरात नाही घालायचं, जाड आहे. वेगळं टाकायचं. दारात. जिन्यात टाकून आलास तर कळतं त्यांना, मागून माणूस फिरतो."

"कितीला आहे?"

"फुकट."

पोऱ्या हसतो. ब्लेडनं प्लॅस्टिक फाटतं. नवा वास येतो, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पुस्तकासारखा. मी एक प्रत उचलते. मुखपृष्ठावर पांढरा सोफा. सोफ्यामागं काचेची भिंत. कोपऱ्यात मोठाल्या पानांचं एक झाड, समोर पितळी उरळीत झेंडूच्या पाकळ्या. माणूस कुठंच नाही. उजव्या कोपऱ्यात, जिथं एरवी रुपये छापतात, तिथं छापलंय : मूल्य – विनामूल्य.

मुखपृष्ठ धरून बत्तीस पानं, म्हणजे सोळा कागद. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद पाच ग्रॅम भरतो. हा त्याहून जाड, वर गुळगुळीत. प्रत शंभर ग्रॅमच्या घरात जाते. हाताला काहीच लागत नाही. पण या पोऱ्याच्या लाइनवर दोनशे चाळीस दारं आहेत. चोवीस किलो. जवळजवळ पाव क्विंटल, आणि वर शनिवारचे जाड पेपर.

तो परभणीकडचा आहे. कॉट बेसिसवर राहतो, साडेअकराला कॉलेज असतं. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवतो. खताच्या रिकाम्या पोत्याच्या शिवलेल्या पिशव्या. एकीवर युरिया अजून वाचता येतं. मासिकं त्या पिशवीत जातात.

"दोन फेऱ्या होतील आज," तो म्हणतो, आणि पायडलवर उभा राहतो.

*

डहाणूकर कॉलनीच्या आतले रस्ते अजून अंधारात आहेत. दिव्याच्या खांबाखाली उजेडाचं वर्तुळ, मग काळोख, मग पुन्हा वर्तुळ. कुठून तरी बुचाच्या फुलांचा वास येतो. पुढच्या वळणावर झाड सापडतं. लांब दांड्याची पांढरी फुलं रस्ताभर पडलीत. सायकलचं चाक त्यांच्यावरून जातं, काही आवाज होत नाही.

एका बंगल्याच्या भिंतीशी एक आजोबा उभे आहेत. पायात कॅनव्हासचे बूट, हातात आकडी लावलेली काठी, मनगटाला दुधाची धुतलेली पिशवी. काठी भिंतीपलीकडं जाते, तगरीची फांदी वाकते, चार फुलं पिशवीत येतात. मग जास्वंद. एक कळी ते सोडून देतात. उद्यासाठी असणार. आम्हाला बघून ते जराही गडबडत नाहीत. "आज उशीर झाला रे तुला," असं पोऱ्यालाच सुनावतात. पोऱ्या त्यांच्या हातात मासिक देतो. ते काठी बगलेत धरून मुखपृष्ठ न्याहाळतात, किंमत शोधतात, आणि घडी घालून पिशवीत, फुलांच्या बाजूला ठेवतात.

पहिली इमारत नवी आहे. तेरा मजले. दोन वर्षांपूर्वी इथं तीन मजली सोसायटी होती, हे आता फक्त कंपाउंडमधल्या आंब्याला ठाऊक. फाटकाशी केबिन आणि रजिस्टर. पेपर वर न्यायला परवानगी आहे. मासिकाला नाही.

"सेक्रेटरी साहेबांना विचारावं लागेल," वॉचमन म्हणतात.

"विचारा की."

"साहेब झोपलेत."

मग थांबणं. पोऱ्या पेपर टाकायला लिफ्टनं वर जातो. मी केबिनजवळ उभी राहते. जनरेटरच्या मागं ऑइलपेंटच्या रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्यात. एकीत मिरची, दोहोंत अळू, एकीत कोथिंबीर नुकती वर आलेली. बादल्यांच्या बुडाला तापलेल्या सळईनं पाडलेली भोकं आहेत.

"तुमची?"

"टाइमपास," वॉचमन म्हणतात, आणि मागं वळून एक पिवळं पान तोडून टाकतात. ते बुलढाण्याचे आहेत. गावाकडं तीन एकर. "वरनं बायका भाजी निवडली की देठं देतात. त्यांचं खत होतं. अळूची पानं परत वरच जातात, वड्या करायला."

पोऱ्या खाली येतो. पंचावन्न प्रतींचा ढीग लॉबीतल्या काचेच्या टेबलावर ठेवायचा, असं ठरतं. ज्याला हवं तो नेईल. ढीग ठेवला की वरची प्रत घसरते. गुळगुळीत कागद एकमेकांवर ठरत नाही. वॉचमन ती उचलतात, केबिनच्या उजेडात उघडतात आणि बघत राहतात. पान आहे बाल्कनीतल्या भाजीबागेचं. पांढऱ्या कुंड्या, सारख्या उंचीच्या. बाजूला छोट्या अक्षरांत सामानाची यादी.

"बादली नाही लिहिली," ते म्हणतात.

*

सहा वाजून गेलेत. पूर्वेकडं राखाडी झालंय. पुढची सोसायटी जुनी. दगडी जोतं, तीन मजले, लिफ्ट नाही. फाटकावर लोखंडी अक्षरांत साल आहे : १९८४. जिन्याखाली सूचनाफलक. त्यावर सर्वसाधारण सभेची नोटीस. विषय क्रमांक एक : पुनर्विकास. विषय क्रमांक दोन : टाकीची सफाई.

पोऱ्या दोन-दोन पायऱ्या चढतो. दारांना दुधाच्या पिशव्या अडकवल्यात. काहींना पेपरसाठी नळकांडी आहेत. पेपर त्यात जातो, मासिक जात नाही. पेपर जमिनीवर पडला की पडल्या जागी राहतो. मासिक मोझेकच्या फरशीवर सरकन् पुढं जातं आणि चपलांच्या स्टँडखाली शिरतं. तो वाकतो, ओढून काढतो, दाराला उभं लावतो. ते पुन्हा घसरतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याला युक्ती सापडते. पायपुसणं अर्धं उचलायचं आणि खाली दाबून ठेवायचं.

एका दारावर पितळी नावाच्या खाली लॅमिनेट केलेली पाटी आहे. 'पत्रके, पुस्तिका व नमुना अंक टाकू नयेत. आमचे वाचन आम्ही ठरवतो.' पोऱ्या वाचतो, माझ्याकडं बघतो, आणि दार सोडून पुढं जातो. एक प्रत वाचली. चोवीस किलोंतून शंभर ग्रॅम कमी.

तिसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार उघडंच आहे. आतून कुकरची शिट्टी. दारात सुती साडीतल्या आजी, हातात रांगोळीचा डबा.

"आलास? आणि हे काय, लग्नाची पत्रिका?"

"मासिक आहे आजी. फुकट."

"फुकट कुणी काही देत नाही रे," आजी म्हणतात, आणि घेतात. मग मला : "तू का उभी? ये आत. चहा टाकतेय."

पोऱ्याला चहा नको. अजून एकशे दहा दारं राहिलीत. त्याची पावलं जिना उतरताना ऐकू येतात, मग सायकलच्या स्टँडचा खटका.

*

आजी मासिक मागून वाचायला घेतात. पेपरही त्या तसाच वाचतात. चष्मा कपाळावरून खाली येतो. शेवटचं पान : नवा प्रकल्प, टू आणि थ्री बीएचके. खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. शेजारी चौकोनी कोडाचा ठिपका-ठिपक्यांचा ठसा. १ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या बांधकाम जाहिरातींत तो छापावाच लागतो. फोन धरला की प्रकल्पाची कुंडली उघडते. आजींना तो ठसा रांगोळीचा वाटतो.

वरती मोठ्या अक्षरांत : वनाज मेट्रो स्थानकापासून ५ मिनिटे. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावली, आणि तेव्हापासून या भागातल्या जाहिराती अंतर मिनिटांत सांगतात.

"कुणाची पाच मिनिटं?" आजी विचारतात. "तुझी का माझी?"

पान उलटतं. मॉड्युलर किचन. मच्छरजाळी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग. पडदे. वाळवी. मी मोजते : बत्तीस पानांत एकोणीस पानं जाहिरातींची. उरलेल्या तेरांत दिवे कसे मांडावेत, भिंतीला रंग कुठला द्यावा, बाल्कनीतली भाजी, आणि एक लेख सुगंधी झाडांवर. आजी तिथं थांबतात.

"लॅव्हेंडर." त्या शब्द जिभेवर घोळवतात. "पुण्याच्या मे महिन्यात? इथं तुळस जगवताना नाकी नऊ येतात."

मागच्या आतल्या बाजूला, तळाशी, मुंगीच्या अक्षरांत दोन ओळी. मुद्रक, प्रकाशक, छपाईचं ठिकाण. फुकट वाटलं तरी हे छापणं सुटत नाही. त्या ओळींमागं १८६७ चा कायदा होता. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा आला. पुढची ओळ सगळ्या मासिकांची : जाहिरातींतील दाव्यांची खात्री वाचकांनी स्वतः करून घ्यावी.

आजी उठतात. "चल, खात्री दाखवते."

बाल्कनी आठ फूट बाय चार. ऊन आताच कठड्यावर आलंय. तेवीस कुंड्या, त्यांतल्या सात तेलाच्या डब्यांच्या. तुळस, गवती चहा, ओवा, कढीपत्ता, ब्रह्मकमळाची लोंबती पानं. कोपऱ्यात झाकणाचा काळा डबा, अंगाला भोकं. आजी झाकण उचलतात. पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आत चहाचा चोथा, वाटाण्याची सालं, निर्माल्य, सगळं काळपट होत चाललेलं. वर नारळाच्या काथ्याचा भुसा.

"या डब्याबद्दल आहे बघ त्यात, सतराव्या पानावर. तेवढं खरं लिहिलंय." त्या पानावर खताबरोबर कराचंही आहे. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, यांतलं एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. आजी ते पान काळजीपूर्वक फाडतात, चौघडी करतात, देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात. "सभेला नेते. बघू कोण ऐकतंय."

मग कात्री. पाऊस संपला की गुलाब छाटायचा, हे त्यांना मासिकानं सांगावं लागत नाही. डोळा बघायचा, बाहेरच्या बाजूचा. त्याच्यावर जरासं सोडून तिरका काप. खट्. पाणी कापावर थांबता कामा नये. खट्. काटेरी फांद्या वर्तमानपत्रावर पडतात. पेन्सिलीएवढ्या जाड असलेल्या त्या वेगळ्या काढतात.

"नव्या इमारतीत बाल्कनी असेल ना?" मी विचारते.

"असेल. पण ती कार्पेटमध्ये धरत नाहीत."

आजींना हे पाठ आहे. २०१६ च्या कायद्यानं कार्पेटची व्याख्या केली : भिंतींच्या आतली वापरायची जमीन. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, उघडी गच्ची धरायची नाही. सोसायटीत वर्षभर त्या एका शब्दावर सभा चालल्यात. कुणाला किती वाढीव, कुणाला कुठला मजला.

"बिल्डर कार्पेट वाढवून देतोय. भाडं देतोय दोन-तीन वर्षांचं. सामान हलवायचे पैसे देतोय." खट्. "कुंड्यांचं कुणी काढलेलं नाही अजून."

त्या पेपरचं एक पान पाण्यात बुडवतात, पिळतात, चार फांद्यांच्या बुडाला गुंडाळतात. मी शेजारी पडलेलं मासिक पुढं करते. त्या बोटानं पानावर पाण्याचा थेंब सोडतात. थेंब मण्यासारखा उभा राहतो, कडेपर्यंत धावतो आणि खाली पडतो.

"हा ओल धरत नाही," आजी म्हणतात. पेपरात गुंडाळलेल्या फांद्या माझ्या हातात येतात. सोबत रद्दीची पिशवी. "खाली जातेस तर एवढी टाक. आता दिवाळीच्या आधी गर्दी होईल त्याच्याकडे."

*

गर्दी झालेलीच आहे. दुपारचा एक. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली रद्दीचं दुकान, आणि छपरातून उष्णता खाली उतरतेय. रांग रस्त्यावर आलीय. स्कूटरवर दोन पायांत पिशवी धरलेले काका. मोलकरणीच्या डोक्यावर गठ्ठा, गठ्ठ्यावर बसलेला लहान पंखा, तोही विकायचा. एकानं शाळेच्या वह्या आणल्यात आणि उभ्या उभ्या त्यांची कोरी पानं फाडून घेतोय. घरोघर माळे उतरतायत. रांग दोन पावलं सरकते, थांबते. डांबर चपलेच्या तळाला चिकटतं. माझ्या हातातल्या पेपरची ओल बोटांना गार लागतेय.

काट्याशेजारी पाटीवर खडूनं भाव : पेपर १४, मासिक-पुस्तक १०, पुठ्ठा ८.

"चकचकीतला कमी का?" पुढचे गृहस्थ विचारतात. अंगावर इस्त्रीचा शर्ट, आवाजात खात्री.

"कागद कमी, पावडर जास्त," रद्दीवाले मामा म्हणतात. "पेपरच्या पुड्या होतात, बांधाबांध होते. हे कुणी घेत नाही. भेळवाल्यालापण नको."

माझी पाळी येते. ते पिशवी उलटी करतात आणि हात आपोआप वाटणी करू लागतो. पेपर इकडे, पुठ्ठा तिकडे. आजच्या पहाटेची मासिकं कोपऱ्यात साठत चाललीत. पांढरा सोफा, पांढरा सोफा, पांढरा सोफा. काही तर उघडलेलीही नाहीत. कुणाच्या तरी लॉबीतला सबंध ढीग सुतळी बांधूनच आलाय. मामा तो काट्यावर टाकतात. लाल आकडे नाचतात आणि थांबतात. चार किलो, चाळीस रुपये. चाळीस प्रती असणार. मूल्य – विनामूल्य असं छापलेल्या प्रतीला दिवसात पहिल्यांदा भाव लागलाय. एक रुपया.

आजींची एकच प्रत आहे, एका पानानं कमी. मामा ती हातातच तोलतात आणि पेपरमध्ये टाकतात. चौदाच्या भावात.

"गुलाब?" माझ्या हातातल्या गुंडाळीकडं बघून ते विचारतात.

"हो."

"सावलीत ठेवा पंधरा दिवस. पाणी घालून कुजवू नका."

तेवढ्यात रांगेच्या बाजूनं एक मुलगी आत घुसते. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, हातात चिकटवही. कुणी तिला हटकत नाही. ती नेहमीची दिसतेय.

"मामा, फुलांची चित्रं पाहिजेत. दहा. सोमवारी द्यायचीत."

मामा मानेनंच कोपरा दाखवतात. ती पांढऱ्या सोफ्यांच्या ढिगाशी उकिडवी बसते आणि भराभर पानं उलटते. झेंडू. पुन्हा झेंडू. शेवंती. जांभळ्या तुऱ्यांजवळ ती थांबते, खालचं नाव अक्षर जुळवत वाचते. लॅव्हेंडर. पट्टी लावून ते पान फाडते. मग दुसऱ्या प्रतीतून आणखी एक, तिसरीतून एक. कागद गुळगुळीत असला तरी सरळ फाटतो.

"किती झाले?" ती उठत विचारते. मुठीत दोनची नाणी आहेत.

मामांनी पुढची पिशवी काट्यावर उलटी केलेली असते. त्यांची नजर लाल आकड्यांवर आहे.

"पानाचे कसले पैसे? ने."